काउंटरवरचा संगणक आहे तसाच राहू दे, लॅपटॉपचं मात्र मिरगाआधी उरकून घ्या

प्रश्न: गुहागरच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. वय ६१. काउंटरवरचा संगणक २०१४ साली विंडोज ७ सकट घेतला, दोन वर्षांनी त्याच्यावर फुकटात विंडोज १० आलं. त्यात श्रीलिपी (मराठी टायपिंग आणि फॉन्ट) आणि पेजमेकर (पानांची मांडणी) आहे. लग्नपत्रिका, देवस्थानच्या उत्सवपत्रिका, शाळेच्या स्मरणिका, सगळं त्यावरच होतं. दुसरा लॅपटॉप मुलीने २०१९ मध्ये घेतलेला, तिच्या लग्नानंतर दुकानात आला. बँक, जीएसटी, ऑनलाइन फॉर्म आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रिंट त्यावर चालतात. गेल्या ऑक्टोबरपासून दोन्हीवर विंडोज १० चा सपोर्ट संपल्याचा निरोप येतो. शिमग्याला पालखीसाठी आलेला डोंबिवलीचा भाचा म्हणतो, "मामा, दोन्हीवर ११ टाकून देतो. काउंटरवाल्याला बायपास करू, तासाभराचं काम." चिपळूणच्या एका दुकानदाराने सांगितलं, दोन्ही भंगारात काढा आणि नवीन घ्या. लग्नसराई तोंडावर आहे. अपग्रेड करू की नको? दोन्ही संगणकांच्या माहितीच्या पानाचे फोटो सोबत पाठवतो आहे.
– एक वाचक, गुहागर

काका, सगळ्यात आधी भाच्याला फोन करा आणि म्हणावं, काउंटरवाल्याला हात लावू नकोस. का ते सांगते.

तुम्ही फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. पहिल्या फोटोत तुमच्या अंगठ्याची सावली पडली आहे, तरी 'सिस्टिम टाइप'ची ओळ वाचता येते: '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर'. भाच्याने ही ओळ पाहिलेली दिसत नाही. पाहिली असती तर तासाभराचं काम म्हणाला नसता. तुमचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण त्याच्यावर बसलेलं विंडोज ३२ बिटचं. २०१४ मध्ये दुकानवाल्याने ३२ बिटचं विंडोज ७ घातलं असणार, आणि फुकटच्या अपग्रेडमध्ये तेच पुढे १० झालं. वरच्या ओळीत रॅम ४ जीबी असून कंसात 'वापरण्याजोगी' ३.४ लिहिलंय, त्यामागेही बहुधा हेच.

विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्ती निघालेलीच नाही. आणि ३२ वरून ६४ वर आहे त्याच्यावर चढवत जाता येत नाही, मग बायपास करा की काही करा. म्हणजे भाचा जे करणार ते अपग्रेड नव्हेच. ते नव्याने इन्स्टॉल करणं. फायली नशिबाने राहतील, पण प्रोग्रॅम एकही राहणार नाही. तुमची श्रीलिपी जाईल, पेजमेकर जाईल, फॉन्ट जातील. आता मला सांगा, श्रीलिपीची सीडी कुठे आहे? सापडली तर वाचली जाते का? त्या काळच्या बऱ्याच जुन्या प्रोग्रॅमांचा सेटअप १६ बिटचा असायचा, आणि ६४ बिटचं विंडोज १६ बिटचं काहीच चालवत नाही. शिवाय मागे लावलेलं डोंगल, म्हणजे श्रीलिपीच्या परवान्याची यूएसबी किल्ली. त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का हे आधी बघायचं, मग उडी. ऐन वैशाखात, पत्रिकांचे बारा मसुदे अर्धवट असताना, हे सगळं शोधत बसायची वेळ आली तर भाचा तोवर डोंबिवलीला परत गेलेला असेल.

बायपासबद्दलही दोन शब्द. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची तपासणी), निदान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा अशी अट घातली आहे. पिढी ओळखायची सोपी रीत म्हणजे प्रोसेसरच्या नावात आय-३ किंवा आय-५ नंतर जो आकडा येतो त्याचा पहिला अंक. तुमच्या काउंटरवाल्याचा आय-३ ४१३०, म्हणजे चौथी. लॅपटॉपचा आय-५ ८२६५यू, म्हणजे आठवी. (१०२१० असा पाच आकडी असेल तर पहिले दोन अंक, दहावी.) अट न बसणाऱ्या यंत्रावर जुगाड करून ११ चढतं हे खरं आहे. पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेट मिळत राहावेत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. घरी मुलांना खेळायला ठेवलेल्या यंत्रावर खुशाल करावं. पोटापाण्याच्या यंत्रावर मी करणार नाही.

बरं, मग विंडोज १० वरच राहिलं तर काय बिघडतं? दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतरही तुमचा संगणक सुरू होतोय, पत्रिका छापतोय. फक्त त्यात नव्याने सापडणारी भोकं आता कोणी बुजवत नाही. कौलारू घरासारखं आहे हे. एक वर्ष शाकारणी नाही केली तर घर पडत नाही, पण कुठल्या कौलाखाली गळणार ते पाऊस ठरवतो. आणि ही नुसती भीती घालणं नाही. २०१७ च्या जूनमध्ये आपल्याच किनाऱ्यावर, न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने ठप्प झालं होतं. तो व्हायरस पसरायला ज्या वाटा वापरत होता त्यातली एक मोठी वाट बंद करणारं विंडोजचं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये येऊन पडलेलं होतं. जगभर कितीतरी संगणकांवर ते घातलेलंच नव्हतं.

तुमच्या दुकानात तर धोका दारातून चालत येतो. दिवसभरात किती पेनड्राइव्ह तुमच्या काउंटरला लागतात ते मोजा एकदा. बायोडेटा, सातबारा, शाळेचा प्रकल्प. प्रत्येक पेनड्राइव्ह आधी कुठे कुठे फिरून आलाय, देव जाणे.

म्हणून दोन यंत्रांना दोन वेगळी उत्तरं.

काउंटरवाला: विंडोज १० च ठेवायचं, पण त्याला हळूहळू इंटरनेटपासून तोडायचं. तोवरची सोय म्हणजे ईएसयू, सुरक्षेच्या अपडेटची वाढीव मुदत. ती घरगुती वापराच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' उघडा, विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल'चा दुवा दिसेल. दिसत नसेल तर आवृत्ती २२एच२ आहे का ते बघा, त्याच्या आधीच्या आवृत्तीला हे मिळत नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पैसे भरायचे तर ३० डॉलर, पण सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यात चालू केलात तर फुकट होतं. एकाच खात्यावर दहा यंत्रांपर्यंत चालतं, त्यामुळे लॅपटॉपचंही तिथेच उरकून टाका. हे आजच करा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि याने काही मोडत नाही.

मग प्रिंटर काउंटरवाल्यावरून काढून लॅपटॉपला जोडा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह, व्हॉट्सअ‍ॅप, ई-मेल, जे काही बाहेरून येतं ते फक्त लॅपटॉपवर. काउंटरवाल्यावर फक्त श्रीलिपी, पेजमेकर आणि तुम्ही. तिथे पत्रिका झाली की प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडायचं, पीडीएफ एका ठरावीक पेनड्राइव्हवर घ्यायची, ती लॅपटॉपवर नेऊन छापायची. पेनड्राइव्ह भडक रंगाचा घ्या आणि तो गिऱ्हाइकाला कधीच द्यायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. पहिल्या दोनचार पीडीएफ मोठ्या करून नीट वाचा, विशेषतः जोडाक्षरं आणि रफार. एकदा बरोबर आलं की मग चिंता नाही. ही सवय अंगवळणी पडली की इंटरनेटची वायर काढून टाका. ऑक्टोबरनंतर ते यंत्र टाइपरायटरसारखं वापरायचं.

(कोणी तरी तुम्हाला सांगेलच की त्याच्यावर लिनक्स टाका, फुकट आहे. खरं आहे, आणि जुन्या यंत्रावर छान चालतं. पण तुमचा जीव श्रीलिपी आणि डोंगलमध्ये अडकलाय, त्यामुळे तुमच्या उपयोगाचं नाही.)

आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत त्याबद्दल. तुमच्या पत्रात सगळ्यात काळजीची गोष्ट विंडोज नाही, ती बारा वर्षांची हार्ड डिस्क आहे. गुहागरची खारी हवा, दुकानाचं शटर दिवसभर उघडं, डबा कधी उघडून साफ केलेला नसणार. मागचे यूएसबीचे पोर्ट बघा, पत्र्यावर तांबूस-हिरवट चढलेलं असेल. त्या पोर्टला डोंगल आहे आणि आत बारा वर्षांच्या स्मरणिका आहेत. अपग्रेड करा न करा, ती डिस्क एक दिवस सुरू होणार नाही.

म्हणून एक बाहेरची हार्ड डिस्क आणा, एक टीबीची पुष्कळ झाली. सगळ्या फायली तिच्यावर उतरवा, आणि फॉन्टचा फोल्डरही न विसरता. हे का सांगते? श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी संगणकाला मराठी म्हणून कळत नाही. पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि वर मराठीचं रूप फॉन्ट चढवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडा, 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं दिसतील. फाइल असते, पण वाचता येत नाही. ज्या स्मरणिका पुन्हा लागतील त्यांची पीडीएफ करून ठेवा, म्हणजे निदान रूप टिकेल. नवीन कामं शक्य तिथे युनिकोडमध्ये करायला लागा, त्यात मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असतात. लॅपटॉपवर निर्मला हा फॉन्ट विंडोजसोबतच येतो, दिसायला पत्रिकेच्या थाटाचा नाही, पण मजकूर पन्नास वर्षांनीही मराठीच राहील.

आणि बॅकअप झाला असं म्हणण्याआधी ती डिस्क लॅपटॉपला जोडून त्यातल्या पाच फायली उघडून बघा. २०१५ ची एक, गेल्या महिन्यातली एक, मधल्या तीन. मी अशी माणसं पाहिली आहेत की जी वर्षानुवर्षं मनोभावे बॅकअप घेत होती आणि गरज पडली तेव्हा कळलं की नुसते शॉर्टकट कॉपी होत होते. डिस्क दुकानात ठेवू नका, घरी न्या. शक्य असेल तर दुसरी एक मुलीकडे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंत. ज्यांचा संगणक आणि बॅकअप एकाच टेबलाच्या खणात होता त्यांचं दोन्ही गेलं.

आता लॅपटॉप. हा ११ ला पात्र दिसतोय: आठवी पिढी, ८ जीबी रॅम, एसएसडी. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' घालून एकदा त्याच्याच तोंडून होकार घ्या. यावर बँक आणि जीएसटी आहे, त्यामुळे याला जुन्या विंडोजवर ठेवण्यात अर्थ नाही. विंडोज १० अस्सल परवान्याचं असेल तर ११ फुकट आहे. चिपळूणच्या दुकानदाराचं म्हणणं या यंत्रापुरतं तरी मनावर घेऊ नका.

फक्त कधी करायचं ते महत्त्वाचं. आत्ता नाही. लग्नसराईत चालत्या दुकानाचं काहीही उघडायचं नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. अधिकात लग्नं नाहीत, म्हणजे पत्रिका नाहीत, आणि मिरग लागायला ८ जून. सतरा मे ते मिरग, या तीन आठवड्यांतला एक दिवस धरा. तुम्ही आगोटीचं मीठ-मसाला भरत असाल तेव्हाच. वळवाचा पाऊस आणि विजा बहुधा दुपारनंतर येतात, म्हणून सकाळी आठला बसायचं. पुढे ढकलत गेलात तर पावसात वीज जात-येत राहणार, आणि मग १४ सप्टेंबरला गणपती. गणपतीत संगणकाचं काम काढू नये, घरात वीस माणसं आणि प्रत्येक जण इंजिनिअर.

करण्याआधी एक काम, आणि हे माझ्या अंगाशी आलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या लॅपटॉपची बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केली आणि पुन्हा सुरू होताना निळा पडदा आला: ४८ आकडी रिकव्हरी की घाला. विंडोजने डिस्कला कुलूप घातलेलं असतं, आणि यंत्रात काही बदललंसं वाटलं की ते किल्ली मागतं. किल्ली असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. माझ्या खात्यात बघितली तर नाहीच. मग आठवलं, विकत घेताना दुकानातल्या मुलाने सगळं 'सेट करून' दिलं होतं, आणि खातं घातलं होतं स्वतःचं. तो मुलगा तोवर नोकरी सोडून पुण्याला गेलेला. त्याच्या आईकडून नंबर मिळवला, आणि संध्याकाळी सात वाजता त्याने फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवले, मी वहीत उतरवले. एक आकडा चुकला होता. पुन्हा सगळं.

तुमचा लॅपटॉप मुलीच्या नावावर असणार. तिला आजच विचारा, खातं कुठलं, पासवर्ड आठवतो का. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे तेच डिस्कचं कुलूप, चालू आहे का बघा, चालू असेल तर ४८ आकडे कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवा. लॅपटॉपवर चिकटवून ठेवू नका.

मग प्रिंटर. फोटोत मागे कॅनन एलबीपी २९०० दिसतोय. तो काउंटरवाल्यावर ३२ बिटच्या ड्रायव्हरने चालत होता, लॅपटॉपला ६४ बिटचा लागेल. तो कॅननच्याच साइटवरून आधी उतरवा आणि विंडोज १० असतानाच एक प्रिंट काढून बघा. १० वर चालणारे ६४ बिटचे ड्रायव्हर बहुतेक वेळा ११ वरही चालतात. चालला नाही तर दोष ११ चा की ड्रायव्हरचा, हे तरी कळेल.

प्रत्यक्ष दिवशी: सी ड्राइव्हवर तीसेक जीबी मोकळी करा. मोबाइलच्या डेटावर हे उतरवायला जाऊ नका, कित्येक जीबीची फाइल असते. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन जा, चहा घ्या, फाइल मायक्रोसॉफ्टच्याच पानावरून उतरवून घ्या. यूट्यूबवाल्याने दिलेल्या दुव्यावरून नाही. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, बाकी सगळं बाहेरचं काढलेलं. विचारेल तेव्हा फायली आणि अ‍ॅप दोन्ही ठेवायचा पर्याय. पडदा काळा होतो, टक्के एका आकड्यावर अडकतात, तीनदा पुन्हा सुरू होतो. काही झालं तरी बटण दाबायचं नाही. लॅपटॉप आहे म्हणून मी इतकी निश्चिंत आहे, मध्येच वीज गेली तरी बॅटरी धरून ठेवते. झाल्यावर आवृत्ती २५एच२ आहे ना ते बघा. २४एच२ वर थांबलात तर घरगुती विंडोजला त्याचीही मुदत याच ऑक्टोबरमध्ये संपते, आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल.

पहिल्याच दिवशी जीएसटीचं लॉगिन, बँक, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंट, स्कॅन, सगळं करून बघा. कारण परतीची वाट फक्त दहा दिवस उघडी असते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. त्या दहा दिवसांत 'डिस्क साफ करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला हात लावू देऊ नका, जुनं विंडोज ज्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं तोच तो पहिला उडवतो.

काउंटरवाला एक-दोन वर्षांत थकेलच. तेव्हा नवाच हवा असं नाही, आठव्या पिढीच्या पुढचा वापरलेला पण एसएसडीवाला चालेल. त्याआधी श्रीलिपीवाल्यांना डोंगलवरचा नंबर सांगून तुमच्या परवान्यावर ६४ बिटची आवृत्ती मिळते का विचारून ठेवा.

आणि भाचा हिरमुसला असेल तर त्याला दुसरं काम द्या. गणपतीला येईल तेव्हा बाहेरची डिस्क त्याच्या लॅपटॉपला जोडायची आणि देवस्थानच्या जुन्या उत्सवपत्रिका उघडायला सांगायच्या. त्याच्याकडे तुमचे फॉन्ट नाहीत. फॉन्टच्या फोल्डरमधून ते घालून एक तरी पत्रिका त्याला वाचता आली, तर तुमचा बॅकअप पक्का समजा.